लाखेची लेक : ओठांच्या रंगातील ‘नैसर्गिक’ या शब्दाचा मागोवा

सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींनी गेल्या दोन-तीन दशकांत जे शब्द झिजवले, त्यांत ‘नैसर्गिक’ हा शब्द बहुधा अग्रभागी असेल. साबण नैसर्गिक, केशतेल नैसर्गिक, आणि आता ओठांचा रंगही नैसर्गिक. ओठांच्या बाबतीत या शब्दाला अधिक वजन येते, त्याचे कारण उघड आहे. कपाळावरचे कुंकू कपाळावरच राहते. ओठांचा रंग मात्र बोलता-जेवता थोडाथोडा पोटातही जातो. तेव्हा तो कशापासून केला आहे, हा प्रश्न रसिकतेइतकाच आरोग्याचाही ठरतो. रसायनशास्त्राचे आणि वैद्यकाचे अभ्यासक त्याचे उत्तर आपापल्या परीने देत असतात. आम्ही भाषा-साहित्याचे अध्यापक. आमच्या वाट्याला येतो तो शब्द. ‘नैसर्गिक’ आणि ‘कृत्रिम’ या जोडीने ओठांच्या संदर्भात आजवर काय सांगितले आणि काय झाकले, हे पाहिले तर निवड करणाऱ्या वाचकालाही त्याचा काही उपयोग व्हावा, अशी आमची समजूत आहे.

बिंबाधर आणि मधूच्छिष्ट

संस्कृत काव्यातील नायिकेचे ओठ जात्याच लाल असतात. ते पिकलेल्या तोंडल्यासारखे, म्हणजे बिंबफलासारखे असतात. पोवळ्यासारखे, बंधुजीवाच्या फुलासारखे, कोवळ्या पालवीसारखे असतात. आश्रमातील शकुंतलेच्या अधराला दुष्यंत पालवीचाच रंग पाहतो, आणि वल्कलातही ती शोभते यावरून मधुर आकृतीला कोणतीही वस्तू अलंकारच होते, असा निष्कर्ष काढतो. विद्यार्थ्यांना हा प्रसंग शिकवताना ‘निसर्गसौंदर्याचा गौरव’ असे एक ठरीव वाक्य आपण सगळेच सांगतो.

परंतु हाच कालिदास ‘कुमारसंभवा’च्या सातव्या सर्गात पार्वतीला लग्नासाठी सजवतो, तेव्हा साहित्याची यादी बारकाईने देतो. अंगाचे तेल लोध्राच्या चूर्णाने टिपले जाते, पाय अळित्याने रंगवले जातात, आणि खालच्या ओठाची लाली किंचित मेणाने उजळली जाते. मेणासाठी कवीने वापरलेला शब्द आहे ‘मधूच्छिष्ट’, म्हणजे मध काढून घेतल्यावर उरलेले उष्टे. कामसूत्रातील नागरकाच्या दिनचर्येतही हेच दोन पदार्थ येतात. सकाळी अनुलेपन, धूप, माळ हे सर्व झाल्यावर तो सिक्थक म्हणजे मेण आणि अलक्तक म्हणजे अळिता लावतो, आरशात तोंड पाहतो, विडा घेतो आणि मग कामाला लागतो. हा नागरक पुरुष आहे, हेही येथे नमूद करावेसे वाटते. ओठ रंगवणे ही केवळ स्त्रीची, तीही नटव्या स्त्रीची, हौस होय हा समज पुढच्या काळाचा आहे.

म्हणजे आपल्या परंपरेत उपमा एका बाजूला आणि साहित्य दुसऱ्या बाजूला, असे दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहत होते. उपमेत ओठ निसर्गतःच लाल. शृंगाराच्या तबकात मात्र मेण आणि लाख. दोहोंत विरोध आहे असे कवीला वाटत नाही. ज्या शकुंतलेला अलंकारांची गरज नाही, तिलाच चौथ्या अंकात सासरी जाताना झाडे रेशमी वस्त्र आणि पायांसाठी लाक्षारस देतात. ‘मेघदूता’तील अलका नगरीत तर एकटा कल्पवृक्ष स्त्रियांचे सगळे मंडन पुरवतो, आणि त्यातही लाक्षाराग आहेच.

नावे काय सांगत होती

कवीच्या जगात लाक्षारस झाडे आपण होऊन देतात. कोशकार मात्र अधिक रोखठोक आहे. ‘अमरकोशा’त लाखेसाठी लाक्षा, राक्षा, जतु, याव, अलक्त अशी नावे येतात आणि शेवटी एक विलक्षण नाव येते: ‘द्रुमामय’, म्हणजे झाडाचा रोग. ज्याने पळसाच्या किंवा बोरीच्या फांदीवरचे लाखेचे खरबरीत थर पाहिले असतील, त्याला हे नाव तत्काळ पटेल. केरिया लॅक्का हा बारीकसा कीटक पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांतील रस शोषतो आणि अंगाभोवती राळेचे कवच तयार करतो. ते कवच खरवडून, धुऊन, गाळून राळ वेगळी काढतात, आणि लाल रंग धुवणाच्या पाण्यात उतरतो. झारखंड, छत्तीसगडपासून आपल्या गोंदिया-गडचिरोलीपर्यंत वनालगतच्या गावांतील माणसे आजही लाख गोळा करतात. कल्पवृक्षाच्या दानामागे हे एवढे हात असतात.

शेंदराचे कोशातील एक नाव आहे ‘नागसंभव’. नाग म्हणजे शिसे. शिशापासून झालेला तो शेंदूर. आजचे रसायनशास्त्र शेंदराला शिशाचे ऑक्साइड म्हणते, आणि ते विषारी आहे हे सांगते. विषाची गोष्ट कोशकार सांगत नाही, पण वस्तू कुठून आली ते लपवतही नाही. मराठीतील ‘किरमिजी’ हा शब्द फारसीतून आला. त्याच्या मुळाशी संस्कृत ‘कृमिज’, म्हणजे किड्यापासून झालेला, हा शब्द असल्याचे अनेक भाषाभ्यासक मानतात. युरोपातील ‘कार्माइन’ आणि ‘क्रिमझन’ हे शब्दही याच कुळातले.

मधूच्छिष्ट, द्रुमामय, नागसंभव, कृमिज. मधाचे उष्टे, झाडाचा रोग, शिशाची संतती, किड्याची निपज. जाहिरातकाराने यांतले एकही नाव डबीवर छापले नसते. पण शृंगाराच्या साहित्याला अशी नावे देणाऱ्या भाषेत वस्तू आणि तिचे मूळ यांची गाठ सुटलेली नव्हती. ‘नैसर्गिक’ हा शब्द या चारही वस्तूंना सारखाच लागू पडतो, आणि चौघींपैकी एकीविषयीही काही सांगत नाही.

मेण, कुंकू आणि विडा

मराठी घरांत ओठांना मेण लावण्याची चाल फारशी राहिली नाही. मेण कपाळावर गेले. आमच्या आज्यांच्या पिढीपर्यंत कुंकवाच्या करंड्याबरोबर मेणाची कुपी असे. बोटाने मेणाचे गोल टिकले टेकवायचे आणि त्यावर कोरडी पिंजर दाबायची. हळदीला चुना किंवा तत्सम क्षार लागला की ती लाल होते, ही घरगुती रसायनविद्या बायकांना ठाऊक होती. ‘नैसर्गिक’ कुंकूही असे दोन पदार्थांच्या क्रियेतून घडवावेच लागते, ते झाडाला लागत नाही.

ओठांचा रंग म्हणून मराठी समाजाने मनापासून स्वीकारला तो विड्याचा. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त तांबूल हा राजाच्या उपभोगांपैकी एक मानून त्याचे सविस्तर वर्णन आले आहे. लावणीतही विड्याचा संकेत सर्वपरिचित आहे. पान, कात, चुना आणि सुपारी एकत्र चावली की तोंड लाल होते. विडा चांगला रंगला तर नवऱ्याची माया अधिक, अशी थट्टा लग्नघरांत अजूनही चालते. ज्या घरांत लिपस्टिक निषिद्ध होती, तिथे रंगलेला विडा सौभाग्याचा मानला गेला, कारण तो ‘लावलेला’ रंग नव्हता.

या रंगात कारखान्याचा एक कणही नाही. आणि तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारी, तसेच तंबाखूविरहित विडासुद्धा, माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवला. आपल्या परंपरेतला ओठांचा सर्वांत प्रतिष्ठित, सर्वांत ‘नैसर्गिक’ रंग हाच तोंडाला सर्वांत घातक निघाला. या वस्तुस्थितीपुढे ‘जे निसर्गातले ते निर्धोक’ हे समीकरण टिकत नाही.

डांबरातून उगवलेली उषा

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी क्विनाइन बनवू पाहत होता. दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या अ‍ॅनिलीनवर प्रयोग करताना त्याच्या हाती जांभळा रंग लागला. त्याचे नाव ‘मोव्ह’ पडले. फ्रेंचमध्ये ते एका फुलाचे नाव. पुढे १८७० च्या दशकात जर्मनीत हाइनरिक कारो याने गुलाबी-लाल रंगाचे एक द्रव्य तयार केले. त्याला नाव मिळाले ‘इओसिन’, ग्रीक पुराणातील उषादेवी इओस हिच्यावरून.

येथे भाषेच्या विद्यार्थ्याने थोडे थांबावे. झाडावरून खरवडलेल्या रंगाचे नाव होते ‘झाडाचा रोग’. डांबरातून काढलेल्या रंगांची नावे झाली फूल आणि उषा. निसर्ग पदार्थातून बाहेर पडला आणि नावात जाऊन बसला. मुळाचा पत्ता सांगण्याचे काम नावाने सोडून दिले, ते या वळणावर.

इओसिनने लिपस्टिकचा इतिहास बदलला. पूर्वीच्या मेणातील रंग पुसला जाई. हे द्रव्य त्वचेतील प्रथिनांना चिकटते, म्हणून ओठच रंगतो. १९२० च्या दशकात ‘न पुसणाऱ्या’ लिपस्टिका या गुणावर निघाल्या, आणि १९५० साली अमेरिकेत हेझल बिशप या रसायनतज्ज्ञ स्त्रीने बाजारात आणलेली प्रसिद्ध टिकाऊ लिपस्टिकही याच जातीच्या रंगांवर आधारलेली होती. काही स्त्रियांचे ओठ या रंगाने सुजत. पुढील संशोधनात त्याचा दोष बऱ्याच अंशी रंगातील अशुद्धींकडे गेला.

कृत्रिम रंगांपुढे लाखेचा रंग बाजारात टिकला नाही. राळ मात्र टिकली. लाखेच्या राळेपासून होणारे शेलॅक हे जुन्या ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकांचे मुख्य द्रव्य होते. बालगंधर्वांची पदे ज्या तबकड्यांवर घरोघर पोचली, त्या तबकड्यांत हाच ‘झाडाचा रोग’ होता. ओठांवरून उतरलेली लाख अशी गळ्यापर्यंत गेली.

आणि तिचे नावही गेले नाही. पाण्यात विरघळणारा रंग तुरटीसारख्या धातूच्या क्षाराशी बांधून त्याची न विरघळणारी पूड करतात, त्या पुडीला रंगशास्त्रात ‘लेक’ म्हणतात. हा शब्द इंग्रजीतील तळ्याचा नव्हे; तो युरोपीय भाषांतून फिरून आलेला आपला लाक्षा-लाख हाच शब्द आहे. लाखेचा रंग असा बांधून चित्रकार वापरत, त्यावरून कृतीला नाव पडले, आणि लाख निघून गेल्यावरही नाव राहिले. आज एखाद्या लिपस्टिकच्या घटकसूचीत ‘रेड ७ लेक’ असे दिसते, तेव्हा तो रंग पूर्णतः प्रयोगशाळेतला असतो, पण आडनाव लाखेचे असते. मराठीत लेक म्हणजे कन्या, हा योगायोगच. पण ही खरोखर लाखेची लेक आहे, परदेशी वाढलेली आणि माहेरची ओळख विसरलेली. भारतातील लिपस्टिकच्या इतिहासात असे आणखी एक नाव आहे. १९५२ साली टाटा ऑइल मिल्सने सुरू केलेल्या सौंदर्यप्रसाधनांच्या उद्योगाचे ‘लॅक्मे’ हे नाव १८८३ सालच्या एका फ्रेंच संगीतिकेवरून आले, आणि त्या संगीतिकेच्या नायिकेचे नाव म्हणजे आपली लक्ष्मी. लाक्षा ‘लेक’ होऊन परतली, लक्ष्मी ‘लॅक्मे’ होऊन.

विष कुठे असते

कृत्रिम रंगांविषयीची भीती निराधार मुळीच नव्हती. अमेरिकेत १९३८ चा कायदा आणि १९६० ची रंगद्रव्यविषयक दुरुस्ती यांनंतर अनेक रंगांची फेरतपासणी झाली आणि काही बाद ठरले. ‘रेड ३’ हा इओसिनचाच नातलग. मोठ्या मात्रेत तो दिलेल्या नर उंदरांत थायरॉइडच्या गाठी आढळल्यामुळे १९९० साली तेथे त्याला सौंदर्यप्रसाधनांत बंदी झाली. खाद्यपदार्थांतील त्याची परवानगी रद्द व्हायला मात्र २०२५ साल उजाडावे लागले. जो रंग ओठांवर नको तो मिठाईत पस्तीस वर्षे चालला, हा कायद्याच्या भाषेतील विनोद विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. आपल्याकडे १९४० च्या औषध कायद्यात सौंदर्यप्रसाधनांचा समावेश १९६२ च्या दुरुस्तीने झाला. रंग देण्यासाठी शिशाची वा आर्सेनिकची संयुगे वापरण्यास नियमांनी मनाई केली, आणि रंगांमध्ये अशुद्धी म्हणून राहणाऱ्या शिशाला दशलक्षांत २० भाग अशी मर्यादा घातली. ही मर्यादा कृत्रिम आणि नैसर्गिक या दोन्ही सेंद्रिय रंगांना सारखीच लागू केली, हे महत्त्वाचे.

शिशाचा प्रश्न २००७ नंतर पुन्हा गाजला. अमेरिकेतील अन्न व औषध प्रशासनाने पुढे ४०० लिपस्टिकांची तपासणी केली. सरासरी शिसे दशलक्षांत १.११ भाग आणि सर्वाधिक ७.१९ भाग भरले. हे शिसे कोणी मुद्दाम घातलेले नव्हते. असे शिसे बहुधा खनिज रंगद्रव्यांतून अशुद्धी म्हणून येते. लोहाचे ऑक्साइड, म्हणजे आपला गेरू, याचे उदाहरण बोलके आहे. जमिनीतून काढलेल्या गेरूत शिसे, आर्सेनिक अशा धातू मिसळलेल्या असू शकतात. म्हणून अमेरिकी नियम सौंदर्यप्रसाधनांसाठी कृत्रिमरीत्या तयार केलेलेच लोहाचे ऑक्साइड मान्य करतात. येथे नियमाने निवड कृत्रिमाची केली आहे, आणि ती आरोग्यासाठी.

नैसर्गिक घटकांचेही असेच आहे. मेक्सिकोतील निवडुंगावरच्या किड्यापासून होणारे कार्माइन सोळाव्या शतकापासून जगभर गेले. एका पौंड रंगद्रव्यासाठी साधारण ७०,००० किडे लागतात असे सांगतात. ते सुंदर आहे, टिकाऊ आहे, आणि काहींना त्याची तीव्र अ‍ॅलर्जी होते. म्हणून २०११ पासून अमेरिकेत त्याचे नाव घटकसूचीत स्पष्ट लिहावे लागते. लोकरीतून मिळणारे लॅनोलिनही नैसर्गिकच, आणि त्याचीही अ‍ॅलर्जी परिचित आहे. शाकाहारी व्रत पाळणाऱ्या वाचकाने तर हे ध्यानात घ्यावे की कार्माइन, लाख, मेण आणि लॅनोलिन ही चारही प्राणिज आहेत. डांबरजन्य ‘रेड ७’ तसा नाही. इतकेच कशाला, दगडी कोळसा म्हणजे तरी काय? कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडलेली अरण्येच ती. ‘निसर्गातून आलेले’ या शब्दांची ओढाताण केली तर ती कुठवरही करता येते.

निवडीचा प्रश्न

मग निवडणाऱ्याने काय करावे? नैसर्गिक घटकांकडे वळण्याची इच्छा आम्ही हास्यास्पद मानत नाही. मेण, एरंडेल, तूप, कोकमाचे आमसूल-तेल यांवर आधारलेले साधे ओठमलम पुष्कळांना पुरेसे असते. रंगच हवा असेल तर तेलात उतरणाऱ्या रतनजोतीच्या मुळाचा उपाय जुना आहे. इंग्लंडातील जुन्या ओठमलमांतही त्या कुळातील मूळ वापरत. बिटाचा रंग मात्र पाण्यात विरघळणारा आणि उजेडाने, उष्णतेने उडणारा. मेणात तो धड मिसळत नाही. तेव्हा केवळ बिटाच्या रसावर महिनोन्महिने लाल राहणारी कांडी कोणी देत असेल, तर सूचीत दुसरे काय आहे ते पाहावे.

पाहावे, म्हणजे वाचावे. वेष्टनावरील घटकांची सूची हाही एक संहितेचाच प्रकार आहे. तिच्यात ‘सीआय ७५४७०’ असेल तर ते कार्माइन, म्हणजे कृमिज. ‘सीआय ७७४९१’ असेल तर तो गेरूचा प्रयोगशाळेतला भाऊ. ‘सीआय ४५३८०’ असेल तर ती उषा, म्हणजे इओसिन. ७५ पासून सुरू होणारे पाच आकडी क्रमांक नैसर्गिक रंगांचे, ७७ पासूनचे खनिज-धातूंच्या रंगांचे. दर्शनी बाजूस मोठ्या अक्षरांत छापलेल्या ‘नैसर्गिक’ या शब्दापेक्षा मागच्या बाजूचे हे बारीक आकडे अधिक प्रामाणिक असतात. अमेरिकेत सौंदर्यप्रसाधनांसाठी ‘नैसर्गिक’ या शब्दाची कायद्याने व्याख्याच केलेली नाही. २०१६-१७ चे आयएसओ १६१२८ हे मानक नैसर्गिक घटकांचे प्रमाण कसे मोजावे हे सांगते, पण सुरक्षिततेविषयी काही बोलत नाही.

आम्हांला या शब्दाविषयी आणखी एक शंका आहे, आणि ती आमच्या विषयातील आहे. ‘नैसर्गिक’ हा शब्द डबीवर येण्यापूर्वी पुष्कळ काळ स्त्रीवर लादलेला होता. तिने सुंदर दिसावे, पण त्यासाठी काही केलेले दिसू नये. ओठ लाल असावेत, पण ते जात्याच तसे असावेत. सोज्वळ आणि नटवी हे भेद या अपेक्षेतूनच निपजले. आजची ‘नैसर्गिक’ लिपस्टिक ही अपेक्षा नव्या वेष्टनात विकते. रंग लावूनही न लावल्याचे पुण्य तिच्यात मिळते. वर्गातील मुली आम्हांला कधी विचारतात की लिपस्टिक लावणे बरे की वाईट. ती नैसर्गिक असेल तर चालते का. या प्रश्नात आरोग्य आणि शील यांची सरमिसळ झालेली असते, आणि तिचा फायदा विक्रेत्याला होतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर घटकसूचीत शोधावे. दुसरा प्रश्न विचारण्याचे कारणच नाही. कामसूत्रातल्या त्या नागरकाला तो कोणी विचारला नव्हता.

कोशकाराने सुंदर वस्तूला ‘झाडाचा रोग’ म्हणण्याचे धैर्य दाखवले, आणि त्या नावाने अळित्याची शोभा कमी झाली नाही. वस्तूचे मूळ सांगणारी नावे पुन्हा रुळवता येतील की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. निदान अशा नावांची मागणी करणारे वाचक घडवणे हे भाषेच्या अध्यापकाचे काम आहे, एवढे आम्हांला वाटते.